पालकांच्या विनंतीवरून

मंगळवार, ३ सप्टेंबर

संध्याकाळच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, रोज लिहा, चार ओळी का होईनात, आणि कुणाला दाखवू नका. दाखवायचं नाही तर लिहायचं कशाला, हे विचारायचं तोंडावर आलं होतं. पण पहिलाच दिवस, म्हणून गप्प बसलो.

ही वही लिफ्टच्या मशीनच्या खोलीत ठेवणार. अकराव्या मजल्याच्या वर, गच्चीला लागून. जेवणाच्या सुट्टीत इथे माझ्याशिवाय कुणी फिरकत नाही. मोटर गरगरते, तारा वरखाली होतात, ग्रीसचा वास येतो. मी राहतो त्या खोलीवर गवंडीमामा असतो. मामा म्हणजे काही नात्यातला नाही, वयाने मोठा आणि स्वभावाने चौकस. त्याच्यासमोर वही उघडली की संपलं.

चार ओळी झाल्या.

गुरुवार, ५ सप्टेंबर

कोर्सला का आलो ते लिहून ठेवतो, नाहीतर मलाच विसरायला होईल.

मागच्या महिन्यात सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकली. आत एक वयस्कर गृहस्थ चाळीस मिनिटं. तपासणीचे साहेब आले, त्यांनी नोंदवही मागितली. तीन महिने माझ्या अक्षरात रोज एकच ओळ. ‘तपासले, ठीक आहे.’ आणि त्या दिवशीची, ‘दरवाजा आपोआप उघडला व लिफ्ट थांबली.’

उस्ताद, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते, साहेबांसमोर काही बोलले नाहीत. मागाहून म्हणाले, “आपोआप म्हणजे? कंटाळली होती का ती?”

मी म्हटलं, “तसंच लिहितात ना सगळे.”

“तुझा हात चांगला आहे रे. पण लिहितोस असं की वाचणाऱ्याला काही म्हणजे काही कळू नये.” मग म्हणाले, कॉलेजात संध्याकाळचा दहा आठवड्यांचा वर्ग आहे, तो पुरा केलास तर नोंदवहीत तुझी स्वतःची सही चालेल. आत्ता माझ्या प्रत्येक ओळीखाली उस्तादांची सही लागते. चोवीस वर्षांचा घोडा झालो तरी.

वर्गाचं नाव ‘चिकित्सक वाचन आणि लेखन’. चिकित्सक म्हणजे डॉक्टर, अशी माझी समजूत. मी एकटाच तसा नाही. दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या एक बाई खास त्यासाठी आल्या होत्या. बाईंनी समजावलं, चिकित्सा म्हणजे बारकाईने तपासणं, मग तो रोगी असो की मजकूर. आयाबाई उठायला लागल्या. “मग मी चुकीच्या खोलीत बसले.” बाई म्हणाल्या, “बसा हो. औषधाच्या चिठ्ठीपासूनच सुरू करू.”

मला वाटतं बाई बऱ्या आहेत.

मंगळवार, १० सप्टेंबर

आज वर्तमानपत्रातली दहा ओळींची बातमी. एका कारखान्यात भिंत पडली, ‘मजुराच्या निष्काळजीपणामुळे, असे कळते.’ बाईंनी फळ्यावर एवढंच लिहिलं: असे कळते. विचारलं, कुणाला कळते? कुणी कळवलं?

माझ्या शेजारी ड्रायव्हरकाका बसतात, शाळेची बस चालवतात. ते म्हणाले, “भिंतीच्या मालकाने, दुसरं कोण.” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “कदाचित. पण तेही आपल्याला माहीत नाही. काका, तुम्हीही ‘असे कळते’च म्हणताय.”

काकांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

परत येताना रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचत आलो. ‘सर्वांच्या सोयीसाठी हा दरवाजा बंद राहील.’ सर्वांच्या म्हणजे कुणाच्या? डोक्याला नुसता भुंगा लागलाय.

रविवार, १५ सप्टेंबर

रविवारी सकाळी वहिनीला फोन. हा नेम सहा वर्षांत चुकलेला नाही.

“भाऊजी, जेवलात का?”

“वहिनी, सकाळचे नऊ वाजलेत.”

“मग नाश्ता तरी?”

मागे दादाच्या मशीनचा आवाज येत होता. तो असतोच. दादा फोनवर येत नाही, मी बोलवत नाही. वहिनी म्हणते, “हे कामात आहेत,” मी म्हणतो, “असू दे.” ते आता नमस्कार-चमत्कारासारखं झालंय.

मशीनचा आवाज ऐकला की मात्र दुकान डोळ्यांपुढे येतं. घराची पुढची खोली तेच दुकान. आई-वडील मी फार लहान असताना गेले. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, त्यानेच मला वाढवलं आणि दुकानही सांभाळलं. कापायच्या टेबलाखाली माझी जागा. खाली चिंध्यांची गादी, वर कात्रीचा खर्र खर्र आवाज, केसांत खडूची पूड. गिऱ्हाईक आलं की दादा मापं मोठ्याने म्हणायचा आणि मी टेबलाखालून ती वहीत उतरवायचो. छाती छत्तीस, बाही तेवीस. दादाची शाळा पाचवीपर्यंत. आकडे पक्के, पण अक्षर लिहायला घेतलं की पेन्सिल मोडायची. एकदा एका जाड्या गृहस्थांची कमर त्याने मुद्दामच हळू आवाजात सांगितली, मला ऐकू आली नाही, मी खालून ओरडून विचारलं, “चव्वेचाळीस की चोपन्न?” ते गृहस्थ पुन्हा कधी आले नाहीत. दादा दोन दिवस आठवून आठवून हसत होता.

नववीत गेलो तेव्हा त्याने मला गणवेशाची नवी पँट शिवली. खालची दुमड चार बोटं. पोरं म्हणायची, पँट आहे की पडदा. मी घरी येऊन चिडलो तर दादा म्हणाला, “दहावी होईपर्यंत चालली पाहिजे. तू वाढ, मी दुमड सोडत जातो.”

असं होतं सगळं. आणि त्यानेच पुढे तसं केलं. जाऊ दे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

मधे बरेच दिवस लिहिलं नाही. तिसऱ्या इमारतीतल्या लिफ्टच्या तारा बदलल्या, हात भरून आलेत.

आज बाईंनी वर्गातच लिहायला सांगितलं. काहीतरी मोठं तयार होताना पाहिलं असेल तर त्याचं वर्णन करा, पण फक्त स्वतः पाहिलेलं. मी पूल लिहिला. बाईंनी उभ्याने माझी वही वाचली आणि म्हणाल्या, “यातला प्रत्येक शब्द तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे, हे कळतं.” घरी येताना दोन पायऱ्या एकदम चढलो.

तो पूल आमच्या गावाबाहेर बांधत होते. नववीचं ते वर्ष माझं सगळ्यात सुखाचं गेलं. ऑगस्टात पहिला खांब रोवला तेव्हापासून फेब्रुवारीत वरचा पहिला तुकडा बसवला तोपर्यंत एकूण एक गोष्ट मी पाहिली. लोखंडी सळ्यांचे पिंजरे बांधताना, सिमेंट ओतताना, क्रेनचा तो लांब हात. मुकादम मला इन्स्पेक्टर म्हणायचा, कारण दप्तर घेऊन मी दहाच्या ठोक्याला हजर. वहिनीने दिलेला डबा मजुरांबरोबर बसून खायचो. त्यांच्यातला एकजण म्हणाला होता, “तुझी वहिनी आमच्यासाठी पण जरा जास्त घालते वाटतं.” साडेपाचला पोरं शाळेतून परतायची तेव्हा मीही त्यांच्या मागून घरी.

यंत्राची आवड मला तिथे लागली. नंतर लिफ्टच्या कामात आलो ते उगाच नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

शेवटचं मोठं काम मिळालं. ‘माझ्या आयुष्याला वळण देणारी घटना.’ प्रत्येकाचा एक लेख वर्गाच्या पुस्तिकेत छापणार. छापायला ८ नोव्हेंबरला जाणार. लेख दिल्याशिवाय वर्ग पुरा झाल्याचा कागद नाही, म्हणजे माझी सही नाही.

मला विषय शोधायला लागला नाही. हातात पेन घेतलं आणि भडाभडा आलं. सात वर्षं साठलेलं.

रविवार, ६ ऑक्टोबर

लेख झाला. तीन पानं. सुरुवात अशी: ‘मला शाळा फार आवडायची. पण मी नववीत असताना एके दिवशी माझा भाऊ शाळेत गेला आणि माझी शाळा सुटली.’ पुढे सगळं आहे. दुकानात इस्त्री करायला माणूस हवा होता म्हणून त्याने माझं नाव काढलं. मी दोन वर्षं इस्त्री केली. सतरा वर्षांचा झालो, नोकरीसाठी शाळेचा दाखला लागला, तो पत्र्याच्या डब्यात सापडला. त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात स्वच्छ लिहिलेलं. ‘पालकांच्या विनंतीवरून.’ पालक म्हणजे दादाच. मी तो कागद त्याच्यापुढे धरला. तो धावदोरा घालत होता. त्याने वर पाहिलं, परत खाली पाहिलं आणि धावदोरा घालत राहिला. एक शब्द नाही. गप्प राहिला म्हणजे कबूल. त्याच आठवड्यात मी घर सोडलं.

सकाळी वहिनीला फोनवर सगळा वाचून दाखवला. तिने ऐकलंच पाहिजे असं वाटलं. मधे कुठेतरी मागचं मशीन थांबलं. दोरा तुटला असेल. ते कापड तसलंच असेल, जीन्सचं वगैरे.

वहिनीने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अक्षर कसं आहे आता तुमचं?”

लेख कसा झाला ते विचारायचं सोडून अक्षर. बायकांचं काही कळत नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

बाईंनी लेख परत दिला. वाटलं होतं, पुलासारखं काहीतरी म्हणतील. पहिल्याच वाक्यात ‘सुटली’ला लाल गोल. समासात लिहिलंय, ‘शाळा संध्याकाळी सुटते. ही कुणी सोडली?’

पुढे ‘इस्त्रीला माणूस हवा होता म्हणून’ याच्याखाली रेघ, ‘हे पाहिलं, ऐकलं, की वाटलं?’ आणि शेवटी, ‘यात सगळे काही ना काही करतात. तुम्ही त्या वर्षी काय करत होतात?’

वर्ग सुटल्यावर मी त्यांना गाठलं. (बघा, सुटल्यावर.) म्हटलं, “बाई, सुटलीच म्हणतात. माझी शाळा सुटली, त्याची नोकरी सुटली.”

“म्हणतात ना. आपली भाषा दयाळू आहे. सुटली म्हटलं की कुणालाच काही विचारावं लागत नाही.”

“मग सोडवली लिहितो. भावाने शाळा सोडवली.”

“लिहा. पण मग ते दाखवून द्यावं लागेल.”

मी म्हटलं, माझ्याकडे कागद आहे. बाई म्हणाल्या, छान, मंगळवारी प्रत्येकाने घरचा एक कागद आणायचाच आहे, तोच आणा.

आणतो. शिक्क्यासकट आणतो.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

दोघादोघांनी कागद बदलायचे आणि दुसऱ्याचा कागद अनोळखी माणसाचा समजून रकाना रकाना वाचायचा. माझा दाखला ड्रायव्हरकाकांकडे गेला. त्यांची सवय मोठ्याने वाचायची. मी म्हटलं, कारणाचा रकाना वाचा. ते म्हणाले, “थांब रे, क्रमाने जाऊ दे.”

मग एकदम थांबले. “शेवटची हजेरी अकरा ऑगस्ट. दाखला दिल्याची तारीख दोन मार्च.” बोटं मोजली. “अरे, मधे साडेसहा महिने तू होतास कुठे?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “पुलावर.”

सगळा वर्ग हसला. आयाबाई डोळे पुसून हसत होत्या. मीही हसलो. मग एकट्या बाईंचाच चेहरा तसा नव्हता, म्हणून माझं हसू गेलं.

काकांनी पुढे वाचलं, “वर्तणूक, चांगली.” आणि म्हणाले, “मी शाळेची बस वीस वर्षं चालवतोय. साडेसहा महिने पोरगं आलं नाही तर शाळाच नाव काढते. लाल शाईने. वर्तणूक चांगली कोण लिहील?”

बाई एवढंच म्हणाल्या, “मग इथे पालकांच्या विनंतीवरून असं का लिहिलं असेल? मला माहीत नाही. काकांनाही नाही.”

मी कागद घडी करून खिशात घातला.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

वर्गाला गेलो नाही. कामच तसं होतं. चौथ्या इमारतीत.

काम चारला संपलं होतं, ते इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

बाईंना काय माहीत. काकांना काय माहीत. वर्ष वाया गेलंच होतं, मान्य, पण नववीला परत बसता आलं असतं. नाव काढायला दादा गेलाच होता. मी स्वतः पाहिलं त्याला शाळेच्या कचेरीतून बाहेर येताना. पुलावरून येताना मी फाटकासमोरून जात होतो. इस्त्रीचा शर्ट घालून होता. दादा स्वतःचा शर्ट कधी इस्त्री करत नसे.

हे लिहिलं आणि मघापासून बसून राहिलोय.

पाहिलं ते एवढंच. दादा, शर्ट, कचेरीचं दार. बाकीचं कुणी सांगितलं? कुणीच नाही. त्या डब्यातल्या कागदाने सांगितलं. आणि दादा त्या दिवशी घरी येऊन पुलाबद्दल एक अक्षर बोलला नाही. फक्त म्हणाला, “उद्यापासून दुकानात बस.” मला वाटायचं, त्याला पुलाचं माहीतच नाही.

चार बोटं दुमड ठेवणारा माणूस.

रविवार, २० ऑक्टोबर

फोन केला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. अकरा वाजता वहिनीचाच आला. मी उचलला नाही. गवंडीमामा म्हणाला, “भाच्या, वाजतोय.” मी म्हटलं, “वाजू दे.” तो म्हणाला, “मी घेऊ का? मला कुणाचे येत नाहीत.” मग मीच बंद केला.

रविवार, २७ ऑक्टोबर

आज केला. सरळ विचारलं, वहिनी, दाखल्याची भानगड काय आहे.

ती म्हणाली, “हे बटणं आणायला गेलेत, म्हणून बोलते.” आणि मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही.

फेब्रुवारीअखेर शाळेतून निरोप आला. दादा गेला. मुख्याध्यापकांनी दाखला आधीच तयार करून ठेवलेला. ‘सततच्या गैरहजेरीमुळे नाव कमी केले. वर्तणूक असमाधानकारक.’ दादाला वाचायला वेळ लागला. वाचून झाल्यावर तो उठलाच नाही. म्हणाला, हा कागद घेऊन पोरगं कुठे उभं राहील? तीन दिवस जात राहिला. शेवटी मुख्याध्यापक वैतागून म्हणाले, काहीतरी कारण लिहायलाच लागतं, रकाना रिकामा ठेवता येत नाही. दादा म्हणाला, मग माझं नाव लिहा.

“मला पुलाचं कळायला हवं होतं हो,” वहिनी म्हणाली. “डब्याला सिमेंट लागलेलं असायचं. मला वाटायचं, शाळेचं बांधकाम चालू असेल. मी अडाणी.”

“वहिनी, त्याने सांगितलं का नाही मला? मी कागद तोंडासमोर धरला होता.”

“मी म्हटलं होतं, सांगा. तर म्हणाले, कापून झालेल्या कापडावर आता काय बोलायचं.”

मग म्हणाली, “आणि भाऊजी, त्या दिवशी तुम्ही वाचून दाखवलंत ना. फोन मोठ्या आवाजावर होता.”

“मशीन थांबलं होतं.”

“हो.”

“दोरा तुटला नव्हता?”

“नाही.”

मी विचारलं, काय म्हणाला तो.

“काही नाही. म्हणाले, वाचतो छान आता.”

बुधवार, ३० ऑक्टोबर

काल बाईंना सांगितलं, लेख मागे घेतो, नवीन देतो. त्या म्हणाल्या, जुना चालेल, शुद्धलेखन दुरुस्त केलंय. म्हटलं, शुद्धलेखनाचं नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत बसून लिहिला. सुटली, सोडली, सोडवली. एका जागी ठोकळे लावल्यासारखे तिन्ही शब्द फिरवून पाहिले. मधला ठेवला. ‘नववीत असताना मी शाळा सोडली. कुणाला सांगितलं नाही. पुलाचं काम बघायला जाऊ लागलो.’ वाक्यं आखूड येतात. लांब वाक्यात मला लपायला जागा मिळते, असं दिसतंय.

शेवट मात्र मनासारखा जमला: ‘भावाने माझी शाळा सोडवली नाही. त्याने मला सोडवलं.’ हे लिहून झाल्यावर मीच दोनदा मोठ्याने वाचलं. मोटरच्या आवाजात.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

बाईंनी वर्गातच वाचला. माझ्या त्या शेवटच्या वाक्यापाशी त्यांनी पेन्सिलने लिहिलं, ‘सुंदर आहे. पण भावाला विचारलंत का?’

मी म्हटलं, वहिनीने सांगितलं ना.

“वहिनींचं ऐकलेलं. त्याही कचेरीत नव्हत्या.”

मला राग आला असता, महिन्यापूर्वी. आता नुसती तारीख मोजली. लेख पुढच्या शुक्रवारी छापायला जातो. मधे एकच रविवार.

आज बाईंनी हेही सांगितलं की नोंदवहीबद्दल उस्तादांचा त्यांना निरोप होता, पोरगं आता पान पान लिहितं, जरा आवरा म्हणून.

रविवार, ३ नोव्हेंबर

सकाळी नऊला फोन लावला. वहिनी म्हणाली, “जेवलात का?” मी म्हटलं, “वहिनी, दादाला दे.”

तिकडे काही क्षण नुसतं मशीन. मग तेही नाही. खुर्ची सरकली.

“हां.”

“मी बोलतोय.”

“माहीत आहे. नाव दिसतं त्यात.”

सात वर्षांनंतर आवाज ऐकला. जरा बसका झालाय. मी काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं, चिठ्ठी समोर होती, तरी एक शब्द वाचता येईना. शेवटी म्हटलं, “लेख नवा लिहिलाय. वाचू?”

“वाच की.”

वाचला.   मला वाटलं, झालं, दादा परत धावदोरा घालत बसला. पण संपल्यावर म्हणाला, “तीन दिवस नाही. दोनच गेलो. मधल्या दिवशी शाळा बंद होती, फाटकावरून परत आलो. तुझी वहिनी तोही धरते.”

मी पेन्सिलने ‘दोन’ केलं.

“आणि अकरा ऑगस्ट पण खरं नाही. तू त्याच्या आधीपासूनच जात नव्हतास. कुणीतरी पोरगं तुझ्या नावाने ‘हजर’ म्हणून ओरडायचं. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं. काय तो आवाज काढायचा म्हणे, शाळेतल्या बाईंनाही कळलं नाही.”

मला हसू आलं. त्यालाही आलं असावं, नाकातून आवाज आला.

“बाकी बरोबर आहे?”

“ते शेवटचं काढ.”

“दादा, ते बाईंनाही आवडलंय.”

“काढ. मला इस्त्रीला माणूस हवाच होता. खोटं कशाला बोलू. तुझी दहावी बाहेरून करून घेऊ असं मनात होतं, म्हणून तर कागद धड करून आणला. पण तू दुकानात बसलास, हात चालायला लागला, मला बरं वाटायला लागलं. मग एक वर्ष राहू दे म्हटलं. मग दुसरं. तू कागद पुढे धरलास तेव्हा काय सांगणार होतो? अर्धं तर खरंच होतं. तेही घाल त्यात.”

मी म्हटलं, “दादा, हे छापणार आहेत.”

“मग नीट घाल.”

मी ते लिहून घेतलं. तो थांबत थांबत सांगत होता, पूर्वी मापं सांगायचा तसा, आणि मी उतरवत होतो. शेवटचं वाक्य खोडलं. त्याच्या जागी काय येईल ते अजून ठरलेलं नाही. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. कदाचित काहीच नाही येणार, नुसतं त्याचं बोलणं येईल.

मला माफी मागायची होती. तोंड उघडलं, तर तो म्हणाला, “कमर किती आता?”

“काय?”

“कमर. आणि उंची. बाहेरचे तयार कपडे घालतोस ना? खांद्यात बसत नसणार.”

“मला काय माहीत किती. टेप कुठे आहे माझ्याकडे.”

“टेप नको. दोरी घे. कमरेला एक, छातीला एक, खांद्याला एक. माप आलं तिथे गाठ मार आणि पाकिटात घालून पाठव. कुठली कुठली ते चिठ्ठीवर लिही. नीट लिही, मला वाचायला वेळ लागतो.”

फोन ठेवला. गवंडीमामा खाटेवर बसून सगळं ऐकत होता, लपवायचा प्रश्नच नव्हता. त्याने त्याच्या पिशवीतून ओळंब्याची सुतळी काढली, मला उभं केलं आणि कमरेभोवती फिरवली. मी ताठ झालो.

“श्वास सोड,” मामा म्हणाला. “पोट आत घेऊन उभा राहिलास तर तिकडे खोटं माप जाईल.”

मी श्वास सोडला. त्याने गाठ मारली.